रंगाची बाजू वर

मुंबईत विद्यार्थ्यांच्या कामाचं एक प्रदर्शन असं आहे, की ते एकदा मांडलं ते कुणी उतरवलंच नाही. तिकीट लागत नाही. लागलंच तर लोकलचं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या कमानींवर, खांबांच्या माथ्यावर, जिन्यांच्या आसपास जे मोर, माकडं, खारी आणि पानं-वेली कोरलेल्या आहेत, त्यातलं बरंचसं काम त्या वेळच्या बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं आहे. इमारतीचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा. १८७८ साली काम सुरू झालं आणि दहाएक वर्षं चाललं. घुमटावरच्या ‘प्रगती’च्या पुतळ्याचा शिल्पकार टॉमस अर्प, हे पुस्तकांतून सापडतं. खारीच्या शेपटीखाली मात्र कुणाचं नाव नाही. २००४ साली युनेस्कोने ही इमारत जागतिक वारशाच्या यादीत घातली, तेव्हा कुणा पोराचा सरांनी दिलेला सरावही त्या यादीत जाऊन बसला. सात-बावन्नची फास्ट पकडायला धावणाऱ्या माणसाला हे सांगून काही उपयोग नाही, आणि त्याने वर बघावं असा माझा आग्रहही नाही. तो तिथून रोज जातो, इतकं त्या मोराला पुरे आहे.

ती शाळा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. टाइम्सची इमारत मागे टाकून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालू लागलं की डाव्या हाताला झाडं दाट होतात आणि काळ्या दगडाची, टोकदार कमानींची इमारत दिसते. सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली वर्ग सुरू झाले. ही इमारत १८७८ची. म्हणजे शाळेची इमारत पुरी होत होती तेव्हा समोरच्या स्थानकाचा पाया खणला जात होता. आवारात डीनचा लाकडी बंगला आहे. त्यावर रडयार्ड किपलिंग इथे १८६५ साली जन्मला अशी पाटी आहे. त्याचे वडील लॉकवुड किपलिंग इथे शिकवत. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची कोरीव चित्रपट्टी त्यांचीच. आजचा बंगला मात्र रडयार्डच्या जन्मानंतर बांधलेला आहे. पाटीला तेवढं चालतं.

या शाळेचं, म्हणजे ‘जे.जे.’चं, वार्षिक प्रदर्शन लागलं की मी जातो. मुलं त्याला नुसतं ‘अॅन्युअल’ म्हणतात. एरवी ज्या वर्गांत बाहेरच्या माणसाला कुणी फिरकू देत नाही, त्यांची दारं सताड उघडी असतात. ईझल आणि डाँकी, म्हणजे बसून चित्र काढायचे बाक, भिंतीकडे सरकवलेले असतात, फरशीवरचे रंगाचे डाग खरवडूनही राहिलेले असतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या भिंतींवर एकाच मॉडेलची वीस डोकी लटकतात आणि त्या वीस चेहऱ्यांवरून कुठल्या पोराला कुठे बसायला जागा मिळाली होती ते सांगता येतं. मला ओढ असते ती एम.एफ.ए.च्या खोल्यांची. ही मुलं अभ्यासचित्रांच्या पलीकडे आलेली असतात आणि गॅलरीच्या अलीकडे असतात. त्यांना कुणी अजून विकत घेतलेलं नाही, आणि ‘तुझी शैली’ असं म्हणून कुणी अडकवूनही ठेवलेलं नाही.

यंदा सोबत मास्तर होते. मास्तर म्हणजे माझे एक स्नेही. कोल्हापूरला शिकले, सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली, शेकडो मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलं. आता मुलीकडे मुलुंडला असतात. चित्रं बघताना ते बोलत नाहीत. चित्राच्या अगदी जवळ जातात, कॅनव्हासच्या कडेला वाकून बघतात, मग मागे येतात आणि पुढे चालू लागतात. एकदा मी विचारलं, कडेला काय असतं? म्हणाले, “पुढे सगळे नीट करतात हो. कडेला कळतं, खाली आधी काय रंगवलं होतं ते.”

टेक्सटाइलच्या दालनात आम्ही बराच वेळ थांबलो. वस्त्र-रचनेत पाहण्यासारखं पुष्कळ होतं: ठशांची छपाई, नैसर्गिक रंगांतले नमुने, एका मुलीने आजीच्या लुगड्यांच्या तुकड्यांची केलेली गोधडी. गोधड्या आता कलामहाविद्यालयांत जरा जास्तच झाल्या आहेत, असं माझं मत. घरातल्या बाईने थंडीसाठी शिवलं तर ते काम आणि नातीने भिंतीवर लावलं तर ती स्मृती, हा हिशेब मला पटत नाही. पण शेवटच्या भिंतीवर एक उंच विणलेला पडदा टांगला होता, त्याने पाय अडवले. लांबून तो मळकट पांढरा वाटला. जवळ गेल्यावर त्यात हजारो तुटक टोकं दिसली: निळी, गुलाबी, शाळेच्या गणवेशाची खाकी. यंत्रमागावर कापडाच्या कडेला जे धागे कापून खाली पडतात, झाडून पोत्यात भरतात आणि किलोवर विकतात, ते गोळा करून त्या मुलीने हातमागावर आडवे भरले होते. मुलगी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर, आई कांड्या भरते.

वडील तिथेच होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात नवे बूट, हातात कागदी कपातला चहा. मुलीची मैत्रीण कुणाला तरी समजावून सांगत होती की हे काम श्रमाबद्दल आहे. वडिलांनी चहाचा कप खिडकीत ठेवला, पडद्याची खालची कड दोन बोटांत धरली आणि उलटी केली. बाकी सगळे पुढून बघत होते. कापड बघायचं तर मागून, हे त्या एका माणसाला माहीत होतं. मागे त्याने बोट फिरवलं, एका जागी थांबला.

“हितं ताणा तुटलाय की गं.”

“मुद्दाम तोडलाय, आबा.”

तो जरा वेळ गप्प राहिला. ज्याने तीस वर्षं तुटलेला धागा दिसला की माग थांबवून गाठ मारली, त्याला ‘मुद्दाम’ या शब्दाचं काय करावं ते कळेना. मग त्याने ती कड हलकेच सोडली, तळहाताने सारखी केली आणि विचारलं, “आणि मग हे घरी न्यायचं कशात?”

मुलीने खांदे उडवले. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, “खरा प्रश्न आला बघा.”

पुढे चित्रकलेच्या खोल्या. त्या आम्ही लवकर उरकल्या. रंगवणारे हात चांगले होते, दोन-तीन तर फार चांगले. पण उंच इमारती, क्रेन, खिडकीत एकटा माणूस, मोबाइलचा उजेड पडलेले चेहरे, हे दर दोन चित्रांनी येत होतं. मुलं ज्या शहरात भाड्याने राहतात तेच रंगवणार, हे खरं. पण एकाच शहरात सगळ्यांना एकच गोष्ट दिसावी याचंही नवल वाटतं. चित्रांखाली छापील टिपणं होती आणि ती वाचली की चित्र आणखी लांब जायचं. त्याच्या शेजारची छोटी चिठ्ठी मला जास्त बोलकी वाटते: नाव, माध्यम, माप, किंमत. किंमत लिहिताना मुलांची काय तारांबळ उडते ते आकड्यांत दिसतं. एकाने पंचेचाळीस हजार लिहून ते खोडून अठरा केलेले. दुसऱ्याने सरळ ‘विक्रीसाठी नाही’. मास्तरांनी मनातल्या मनात कॅनव्हास, रंग, पट्ट्या, फ्रेम असा हिशेब मांडला आणि म्हणाले, “अठराला दिलं तर याला जेवणाचे पैसे सुटतील. महिनाभराच्या.”

विकली जाणारी चित्रं थोडी. बाकीची कुठे जातात?

प्रदर्शन संपलं की वर्ग रिकामा करून द्यावा लागतो. सहा फुटी कॅनव्हास लोकलच्या डब्यात चढत नाही. मालडब्यात चढला तरी कळव्याच्या वन आर.के.मध्ये त्याला भिंत नाही. म्हणून बहुतेक मुलं पट्ट्यांवरून कॅनव्हास काढून गुंडाळी करतात. पट्ट्या धाकट्या वर्गातल्या कुणाला तरी मिळतात. गुंडाळी होस्टेलच्या कपाटावर, मग गावी माळ्यावर, मग एखाद्या दिवाळीत तिच्यावर पांढरा प्रायमर फिरवून नवं चित्र. जस्ताच्या पत्र्याला दोन बाजू असतात, म्हणून प्रिंटमेकिंगची मुलं एकाच पत्र्यावर दोन्हीकडून कोरतात. एका एचिंगच्या पाठीवर दुसरं असतं आणि प्रदर्शनात ते कुणालाच दिसत नाही. शिल्पकलेत तर विचारूच नका. शाडूच्या मातीत महिनाभर केलेलं पोर्ट्रेट, रोज ओल्या फडक्यात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपलेलं, गुण मिळाले, फोटो काढले, की मोडायचं. माती परत हौदात. पुढच्या वर्षीच्या पोरांना तीच माती. त्या हौदातल्या मातीने किती मॉडेलांची नाकं-कपाळं धरली आणि सोडली असतील याची गणती नाही. मला हे कधी क्रूर वाटलं नाही. अभ्यासासाठी केलेलं काम अभ्यास झाला की संपतं. फक्त, समोरच्या स्थानकावरची खार तेवढी राहून गेली.

मास्तरांच्या डिप्लोमाच्या चित्राचं मला माहीत होतं, पण त्या दिवशी त्यांनी ते पहिल्यांदा सगळं सांगितलं. पाच फूट बाय चार, तैलरंगात, विषय बैलबाजार. वर्गात पहिलं आलं होतं. गावी नेलं. घर मातीचं, भिंतीला पोपडे, खिळा ठोकायची सोय नाही. पहिल्या पावसात आईने ते परड्यात जळणावर पसरलं. तिला त्याची किंमत कळत नव्हती असं नाही. उलट घरात एवढं मोठं, एवढं घट्ट, पाणी न पिणारं दुसरं कापडच नव्हतं. “आणि रंगाची बाजू वर,” मास्तर म्हणाले. “खाली केली असती तर कॅनव्हासने पाणी धरलं असतं. वर ठेवली म्हणून निथळायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पावसाळाभर शेजारणी यायच्या ना, त्या बैल बघायच्या. एक तर विचारायची, हा पुढचा खिलारी कुणाचा? चार पावसाळे टिकलं. एवढी माणसं गॅलरीत आली नसती हो.”

यात त्यांना कुठे वाईट वाटत होतं का, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

आवारातल्या झाडाखाली बसून आम्ही वडापाव खाल्ला आणि बोलणं अजिंठ्यावर गेलं. विद्यार्थ्यांच्या कामाचं पुढे काय होतं याचा मोठ्यातला मोठा दाखला याच शाळेचा आहे. जॉन ग्रिफिथ्स इथले शिक्षक, नंतर प्रमुख. १८७२ पासून १८८५ पर्यंत हिवाळ्यात ते विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतली भित्तिचित्रं कॅनव्हासवर उतरवून घेत. पुढे नाव मिळवलेले पेस्तनजी बोमनजी त्या चमूत होते. तेव्हा तिथे जाणं म्हणजे जंगल, वटवाघळं, ताप. अंधाऱ्या गुहेत उजेड आत वळवून, भिंतीतला पडलेला गिलावा, गेलेला रंग, तडा, सगळं जसंच्या तसं काढायचं. स्वतःची रेघ मारायची नाही. सुमारे तीनशे चित्रं झाली आणि लंडनला, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेली. १८८५ साली तिथे आग लागली आणि शंभराहून जास्त जळाली. गंमत अशी, की हे काम मुळात हाती घेतलं गेलं ते आधीच्या आगीमुळे: रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं बसून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. वाचलेल्या चित्रांवरून आणि रेखाटनांवरून ग्रिफिथ्सने १८९६-९७ साली दोन खंडांचा ग्रंथ काढला. मुखपृष्ठावर नाव त्याचं. उरलेल्या प्रती लंडनला गुंडाळून पडल्या. दरम्यान लेण्यांतली मूळ चित्रं ओल, माणसं आणि चुकीची वार्निशं यांनी आणखी झिजली. आता अभ्यासक त्या पोरांच्या नकला उलगडतात, कारण भिंतीवर जे उरलं नाही ते त्यांत आहे.

“सराव म्हणून काढलेलं, सरांच्या हुकमाने काढलेलं, तेच कामाला आलं,” मी म्हणालो.

“जळालं तेही सरावच होता,” मास्तर म्हणाले. “त्याचं काय?”

संस्था काही कामं ठेवून घेते. जुन्या विद्यार्थ्यांच्या चित्रांचा तिचा मोठा संग्रह आहे. बक्षीस मिळालेलं चित्र शाळेकडे राहावं, ही रीत फार जुनी. १८९० साली इथे शिकायला आलेले आणि पुढे इथेच शिकवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारखे चित्रकार त्यात आहेत. पण ठेवून घेणाऱ्याची नजर आणि काळाची नजर एक असेलच असं नाही. गोव्याच्या साळगावात जन्मलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा इथला विद्यार्थी. स्वातंत्र्यचळवळीत भाग घेतो म्हणून १९४५ साली त्याला काढून टाकलं. त्या तिरीमिरीत घरी जाऊन त्याने ब्रश बाजूला ठेवला आणि सुरीने रंग थापत एक निळी स्त्री रंगवली, असं सांगतात. ते चित्र बडोद्याच्या संग्रहालयाने घेतलं. दोनच वर्षांनी त्याने, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. हाकललेल्या मुलाच्या कामाला बक्षिसाची चिठ्ठी कोण लावणार? ते शाळेच्या भिंतीवर लागायच्या आतच बाहेर गेलं.

चार वाजून गेल्यावर शिल्पकलेच्या विभागात गेलो. बाहेर मोकळ्या जागेत एक खुरपणारी बाई बसली होती. उकिडवी, एक गुडघा पुढे, पदर कमरेला खोचलेला, हातात खुरपं. बसलेली असूनही माझ्या छातीपर्यंत यायची. फायबरमध्ये काढलेली; पण राळेत लोखंडाचा भुसा कालवून, वरून पाणी-मीठ मारून त्या मुलाने सगळ्या अंगाला गंज चढवला होता. हा गंज साधायला त्याला दिवाळीपासून वेळ लागला होता. पाठीवर गंज भडक, कारण तिथे ऊन लागतं. पोटाकडे, सावलीत, जवळजवळ काळा. खुरपं मात्र खरं, लोखंडाचं, मुठीला कापड गुंडाळलेलं. मास्तर तिच्या मागे गेले, खाली वाकले, टाचांकडे बघत राहिले. टाचांना भेगा होत्या.

“कोण ही?”

“आजी, सर.”

मुलगा बार्शीकडचा. चिठ्ठीवर किंमत नव्हती. मी विचारलं, आता पुढे काय? तो जणू या प्रश्नाचीच वाट बघत होता. घरी ठेवायला जागा नाही. टेम्पोवाला पुण्याहून पुढे जायला तयार नाही. तयार झाला तर जो आकडा सांगतो त्यात दुसरी आजी होईल. गावच्या शाळेशी बोलणं झालं होतं. हेडमास्तर मुलाचे जुनेच सर. म्हणाले, आण, झेंड्याच्या कट्ट्याशेजारी बसवू, टेम्पोचे निम्मे आम्ही वर्गणी काढून देतो. पण शालेय समितीच्या दोन अटी. एक, खाली नाव हवं. पुतळा आहे म्हटल्यावर कुणाचा ते लिहायला नको का? ‘शेतकरी महिला’ यावर ती मिटली. दुसरी मिटत नव्हती. समितीचं म्हणणं, गंजलेला पुतळा शाळेत कसा बसवायचा? पाहुणे आले तर म्हणतील, यांनी देखभाल केली नाही. पुतळा म्हणजे सोनेरी हवा. तालुक्यातले सगळे सोनेरी आहेत.

“मी त्यांना समजावलं, सर, गंज हाच त्यातला... ते म्हणतात, बाळा, आम्हाला कळतं, पण समितीला काय सांगू?”

मला वाटलं मास्तर चिडतील. जन्मभर त्यांनी असल्या समित्यांपुढे पोरांच्या चित्रांची बाजू मांडली होती. त्यांनी बाईच्या खांद्यावर नखाने हळूच खरवडून बघितलं. बोटाला लालसर भुकटी लागली. ती त्यांनी धोतराला पुसली.

“दे सोनेरी,” ते म्हणाले.

मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला.

“दे. कट्टा उघड्यावर आहे ना? छप्पर नाही?”

“नाही, सर.”

“मग दे. समारंभ होऊ दे, फोटो होऊ देत, आमदार येऊ दे. फक्त सोनेरी पावडर वार्निशात कालवू नको, वार्निश टिकतं. डिंकात कालव.”